प्रोजेक्टर आला हो, पण जरा जपून!

काय दोस्तांनो, संपली का सहामाही परीक्षा? पेपर कसे गेले ते मी मुळीच विचारणार नाही. ते विचारायला घरची मंडळी आहेतच! आपण आपलं काम करू. दर आठवड्याला आपण या पानावर एखादं यंत्र समोर घेतो, ते कसं चालतं ते पाहतो आणि मग त्याला हात लावतो. आजचं यंत्र आहे डब्याएवढं. दिवसा ते कोपऱ्यात गुपचूप बसतं आणि अंधार पडला की भिंतभर पसरतं. ओळखलंत? बरोबर! प्रोजेक्टर.

पण त्याआधी मला तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे. मोठी माणसंसुद्धा चुकतात, आणि मागच्या वर्षी मी चांगलाच चुकलो होतो.

त्याचं असं झालं. माझी बहीण मांजरीला राहते. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं हडपसर ओलांडलं की डाव्या हाताला जे गाव लागतं ते मांजरी. मुळा-मुठा नदीच्या काठचं, एके काळी उसाचं आणि भाजीपाल्याचं गाव. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथलीच. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं. आता उसाच्या शेजारी दहा-दहा मजली इमारती उभ्या आहेत. तशाच एका इमारतीत माझी सातवीतली भाची राहते.

एका शनिवारी तिचा फोन आला. "मामा, बाबांनी छोटा प्रोजेक्टर आणलाय. गच्चीवर शो करायचाय. सगळी मुलं येणार आहेत. तू ये ना लावायला!"

आता भाचीनं बोलावलं आणि मामा गेला नाही, असं कधी झालंय? गेलो. गच्चीवर चादर टांगली. खाली एक गादी पसरली होती, तिच्यावरच प्रोजेक्टर ठेवला, वर करण्यासाठी त्याच्या पुढच्या पायाखाली उशी सरकवली. जिन्याजवळच्या प्लगपासून वायर ओढली, ती सरळ मुलांच्या मधून. चित्र आलं! टाळ्या! मी आपला मान ताठ करून बसलो.

वीस मिनिटं झाली असतील. अचानक चित्र गेलं आणि यंत्रावर लाल दिवा लुकलुकायला लागला. मी चाचपडत उठलो, तोच वायरीत कुणाचा तरी पाय अडकला आणि यंत्र कलंडलं. सरळ करून, जरा थांबून, पुन्हा सुरू केलं. पण चित्र येतंय न येतंय तोच पडद्यावर एक भलीमोठी काळी सावली पडली. बघतो तर काय, शेजारचा चार वर्षांचा छोटू थेट भिंगाला डोळा लावून उभा! सिनेमातली माणसं आत कुठे बसतात, ते त्याला बघायचं होतं.

त्याच्या आजीनं झडप घालून त्याला मागं ओढलं. तो रडायला लागला, "सगळं हिरवं हिरवं दिसतंय!" म्हणून. थोड्या वेळानं ते हिरवं गेलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी डोळा ठीक असल्याचं सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण त्या रात्री आजी मला एवढंच म्हणाल्या, "अरे, दिवा लावणाऱ्यानं दिव्यापाशी बसायचं असतं. तू सिनेमा बघत बसलास."

दोस्तांनो, हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आज तेच तुम्हाला समजावून सांगायचं आहे. कारण प्रोजेक्टर म्हणजे शेवटी काय? डब्यात कोंडलेला एक झगझगीत दिवा!

पणजोबांच्या काळचा प्रोजेक्टर

"मामा, लाइट नव्हते तेव्हा लोक काय बघायचे?" भाचीनं नंतर विचारलं. तिला वाटलं, मी म्हणेन 'काही नाही'. पण गंमत ऐका. भारतात चित्रपट यायच्या आधी आपल्याच महाराष्ट्रात पडद्यावरचे खेळ होत होते!

कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन नावाचे गृहस्थ होते. १८९२ साली त्यांनी आपल्या मुलांच्या मदतीनं एक खेळ सुरू केला. नाव मोठं झोकदार: 'शांबरिक खरोलिका'. म्हणा बघू तीनदा भराभर! शांबरिक म्हणजे मायावी, जादूचा. इंग्रजीत ज्याला मॅजिक लँटर्न म्हणत, तो हा जादूचा कंदील. काचेच्या पट्ट्यांवर बारीक कुंचल्यानं चित्रं रंगवायची. एक पट्टी दिव्यापुढे धरायची, तिच्यापुढे भिंग. की पडद्यावर मोठ्ठं रंगीत चित्र! थोडा थोडा फरक केलेली चित्रं एकापाठोपाठ एक सरकवली की पडद्यावरची माणसं हलल्यासारखी दिसत. रामायण-महाभारतातल्या गोष्टी असत, सर्कससुद्धा असे. सोबत निवेदन आणि संगीत.

मुंबईत ल्यूमिएर बंधूंच्या चित्रपटांचा पहिला खेळ झाला तो ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. म्हणजे पटवर्धनांचा खेळ त्याच्याही चार वर्षं आधीचा!

त्या काळच्या अशा कंदिलांत खरोखरीच जळणारा दिवा असे. त्यामुळे एक माणूस कायम दिव्यापाशी लागायचा. नजर हटली की काय होतं, ते पॅरिसमधल्या लोकांनी ४ मे १८९७ रोजी पाहिलं. तिथे एका धर्मादाय बाजारात चित्रपट दाखवत होते. दिव्यासाठी ईथर नावाचं झटकन पेटणारं द्रव वापरलं होतं. दिव्यात ईथर भरताना काडी ओढली गेली आणि भडका उडाला. लाकूड आणि कापडाचा मांडव काही मिनिटांत जळाला. सव्वाशेच्या आसपास माणसं दगावली.

आपल्या प्रोजेक्टरमध्ये ईथर नाही की ज्योत नाही. त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण दिवा आहे, उष्णता आहे आणि वीज आहे. म्हणून दिव्यापाशी बसणारा माणूस आजही लागतो.

डब्यात असतं काय?

शांबरिक खरोलिकेत जे तीन भाग होते, तेच आजच्या प्रोजेक्टरमध्येही आहेत: दिवा, छोटं चित्र आणि भिंग.

दिवा बदलला. छोट्या प्रोजेक्टरमध्ये आता बहुतेक एलईडी असतात. शाळेतल्या मोठ्या, जुन्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याची वाफ असलेला दिवा असतो, तो फारच तापतो. काही नव्या यंत्रांत लेसर असतो.

छोटं चित्रही बदललं. रंगवलेल्या काचेच्या जागी एलसीडीची चिमुकली काच आली. तिच्यावरचे लाखो ठिपके क्षणाक्षणाला उघडझाप करतात आणि चित्र बदलत जातं. दुसऱ्या जातीच्या प्रोजेक्टरमध्ये काच नसते, तर एका चिपेवर लाखो आरसे असतात. प्रत्येक आरसा केसाच्या जाडीहूनही लहान! हे आरसे सेकंदाला हजारो वेळा मान हलवतात. मान इकडे केली की प्रकाश भिंगाकडे, तिकडे केली की अंधार. ही चिप अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली शोधली.

भिंग मात्र आहे तिथेच आहे. त्याची करामत तुम्ही घरीच पाहू शकता.

करून पाहा: दिवसा खोलीतले दिवे बंद करा. खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ उभे राहा. एक साधं बहिर्गोल भिंग (टपाल तिकिटं बघायला वापरतो ते) भिंतीपासून वीतभर अंतरावर धरा. हळूहळू पुढे-मागे करा. एका जागी भिंतीवर खिडकीचं चिमुकलं चित्र उमटेल. खिडकीबाहेरचं झाडही दिसेल, पण शेंडा खाली आणि बुंधा वर! भिंग चित्र उलटं पाडतं. म्हणून पूर्वी काचेची पट्टी कंदिलात उलटी घालावी लागे. आजच्या प्रोजेक्टरमध्ये ही उलटापालट आतच झालेली असते. आणि हो, भिंग सूर्याकडे धरायचं नाही आणि त्यातून सूर्याकडे तर अजिबात बघायचं नाही!

भिंग पुढे-मागे करताना चित्र धूसर, मग स्पष्ट, मग पुन्हा धूसर झालं ना? प्रोजेक्टरची फोकसची कडी फिरवताना नेमकं हेच होत असतं.

आता मांडामांड

यंदा भाचीचा पुन्हा फोन आला. या खेपेला मी आधी वही-पेन्सिल घेऊन बसलो. आम्ही दोघांनी मिळून जे केलं, ते तुम्हीही करू शकता.

पहिलं काम, पडदा. पांढरी भिंत असेल तर फारच छान. नसेल तर पांढरी चादर, पण इस्त्री केलेली. सुरकुती पडली की पडद्यावर नायकाचं नाक वाकडं होतं! पातळ चादरीतून प्रकाश आरपार जातो, म्हणून ती दुहेरी करा. वरच्या कडेला सुतळी, खालच्या कडेला एखादी काठी बांधा, म्हणजे वाऱ्यानं फडफडणार नाही. गच्चीवर चादर बांधायला कठड्यावर चढायचं नाही. ते काम मोठ्यांचं. कठड्याच्या बाजूला कोणी बसणारही नाही, हे आधीच ठरवा.

दुसरं काम, अंतर. प्रोजेक्टर जितका लांब, तितकं चित्र मोठं. आमच्या यंत्राचं आम्ही टेप घेऊन मोजलं. १२० सेंटीमीटरवर ठेवलं तर चित्र १०० सेंटीमीटर रुंद आलं. मग २ मीटर रुंद चित्रासाठी किती लांब ठेवायचं? त्रैराशिक मांडा. २४० सेंटीमीटर. शाबास!

भाची म्हणाली, "मग अजून लांब ठेवू, थिएटरसारखं!" इथेच खरी गंमत आहे. रुंदी दुप्पट झाली की उंचीही दुप्पट होते, म्हणजे चित्राचं क्षेत्रफळ चौपट. पण दिवा तेवढाच. तेवढ्याच कणकेच्या गोळ्याची चौपट मोठी पोळी लाटली तर ती पातळ होणारच ना? तसा प्रकाशही पातळ होतो आणि चित्र फिकं दिसतं. छोट्या प्रोजेक्टरला हाव नको. दीड-दोन मीटर रुंदीचं झकास चित्र हे चार मीटरच्या फिक्या चित्रापेक्षा केव्हाही चांगलं. आणि दिवेलागणीनंतर पुरता अंधार होईपर्यंत थांबा. उजेड असेल तर कुठलाच पडदा खुलत नाही.

तिसरं काम, बैठक. यंत्र टणक आणि न डुगडुगणाऱ्या वस्तूवर ठेवा. लाकडी स्टूल, टेबल किंवा त्याची स्वतःची तिवई चालेल. पडद्याच्या मध्यासमोर, शक्य तितकं सरळ. खालून वर तिरकं केलं की चौकोनाचा वरचा भाग रुंद होतो आणि चित्र समलंब चौकोनासारखं दिसतं. हे सुधारायची सोय यंत्रात असते, पण तिच्यात चित्राचे थोडे ठिपके वाया जातात. त्यापेक्षा यंत्रच योग्य उंचीवर ठेवलेलं बरं.

चौथं काम, जोडणी. मोबाइल किंवा संगणक एचडीएमआयच्या वायरीनं जोडता येतो, किंवा वायरीशिवायही. बऱ्याच यंत्रांना पेन ड्राइव्हही चालतो. जे दाखवायचं ते आदल्या दिवशी एकदा लावून बघा. पाहुणे बसल्यावर "एक मिनिट हं, एक मिनिट" करत घाम पुसण्यात काही मजा नाही. मग पडद्यावर एखादं अक्षर आणा आणि ते स्पष्ट दिसेपर्यंत फोकसची कडी फिरवा. आधी मधलं अक्षर बघा, मग चारही कोपरे.

डोळा, श्वास, पाय

आता सर्वांत महत्त्वाचं. मागच्या वर्षी माझ्या तीन चुका झाल्या होत्या. त्या मी वहीत तीन शब्दांत लिहिल्या आणि भाचीला पाठ करायला लावल्या.

डोळा: प्रोजेक्टरचं भिंग पडद्यावर जो प्रकाश भलंमोठं अंगण भरून पसरवतं, तोच भिंगाशी बोटभर जागेतून बाहेर पडत असतो. तिथे डोळा नेला तर तो सगळा प्रकाश डोळ्यातलं भिंग आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, एकवटतं. प्रकाश जोरकस असेल आणि वेळ जास्त झाला तर तिथे कायमची इजा होऊ शकते. लेसर असलेल्या मोठ्या यंत्रांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून जपायला हवं. यंत्रावर डोळ्याचं चित्र असलेली सूचना चिकटवलेली असते, ती वाचा.

म्हणून आम्ही काय केलं? यंत्र प्रेक्षकांच्या पुढे ठेवलं आणि सगळ्या मुलांना त्याच्या मागे बसवलं. यंत्र आणि पडदा यांच्यामधल्या जागेभोवती खडूनं रेघ मारली. ही लक्ष्मणरेषा! तिच्या आत कुणीही जायचं नाही. पडदा नीट करायला जायचंच असेल, तर आधी चित्र काळं करायचं आणि मगच पाऊल टाकायचं. आणि सावल्यांचे खेळ? हरणं, ससे, कुत्रे? ते करायचे असतील तर साधी विजेरी घ्या. प्रोजेक्टर त्यासाठी नाही.

श्वास: यंत्रालाही श्वास लागतो बरं का! त्याच्या पोटात पंखा असतो. एका बाजूच्या जाळीतून थंड हवा आत येते, दुसऱ्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते. मी गादीवर ठेवला तेव्हा खालची जाळी गादीत रुतली, हवा कोंडली आणि यंत्र तापलं. लाल दिवा म्हणजे त्याची हाक होती: 'मला गुदमरतंय!' चांगल्या यंत्रात तापल्यावर आपोआप बंद व्हायची सोय असते. ते बंद पडलं, हे आमचं नशीबच.

म्हणून चारही बाजूंनी निदान एक वीत मोकळी जागा ठेवा. खाली गादी, उशी, गोधडी नको. वर रुमाल नको. धूळ बसू नये म्हणून कापड घालायचं ते यंत्र गार झाल्यावर, चालू असताना नाही. खेळ संपल्यावर यंत्राच्या बटणानं बंद करा. पंखा फिरत असेल तर तो थांबेपर्यंत प्लग उपटू नका. गरम यंत्र लगेच पिशवीत कोंबू नका. जाळीतली धूळ कोरड्या मऊ ब्रशनं काढा. भिंग मऊ कोरड्या कापडानं हलकेच पुसा. फडकं ओलं करून तर मुळीच नाही. आणि स्क्रू काढून आत डोकावायचं नाही. आत काय असतं, ते मी वर सांगितलंच आहे!

पाय: अंधारात पाय सर्वांत आंधळे. वायर भिंतीच्या कडेनं न्या. वाट ओलांडावीच लागली तर ती चिकटपट्टीनं जमिनीला पक्की चिकटवा, म्हणजे पाय अडकणार नाही. वायरीवर सतरंजी टाकून ती लपवू नका, दबलेली वायर दिसत नाही आणि तापली तरी कळत नाही. रिळावर गुंडाळलेली वायर वापरत असाल तर ती पूर्ण उलगडा. गुंडाळी आतल्या आत तापते.

घरातली वीज २३० व्होल्टची असते. तिच्याशी मस्करी नाही. तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन उगाच नसते, ती अर्थिंगची. ती मोडून दोन पिनांच्या भोकात घुसवणाऱ्या काकांना तुम्ही नम्रपणे थांबवा! त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री, हीटर लावू नका. जमीन ओली असेल, पाऊस भुरभुरत असेल तर खेळ घरात करा. थंडीत गच्चीवर दव पडतं. यंत्र बाहेरच्या गारठ्यातून उबदार खोलीत आणलं तर त्यावर आत-बाहेर पाणी धरू शकतं. अर्धा-एक तास तसंच ठेवा, मग सुरू करा. प्लग लावण्या-काढण्याचं काम घरातल्या मोठ्या माणसासमोरच.

बॅटरीवर चालणारा प्रोजेक्टर असेल तर वायरीचा त्रास वाचतो, पण बॅटरीची काळजी वाढते. तिच्यासोबत आलेलाच चार्जर वापरा. टणक जागेवर, जागे असताना चार्ज करा. उशीखाली नाही, उन्हात नाही. यंत्राची कड फुगलेली दिसली, विचित्र वास आला, तर वापर तिथेच थांबवा आणि मोठ्यांना सांगा.

आणि देव न करो, कुणाला शॉक बसलाच, तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच बंद. यंत्रातून धूर आला तर जमत असेल तर वीज बंद करा, पाणी ओतू नका, दूर व्हा आणि मोठ्यांना बोलवा. मदतीसाठी देशभर चालणारा नंबर ११२.

दाखवायचं काय?

इमारतीतल्या एका काकांनी मोबाइलवर उतरवून घेतलेला नवा सिनेमा देऊ केला. आम्ही "नको काका" म्हटलं. चोरून घेतलेला सिनेमा आपण बघायचा नाही. शिवाय विकत घेतलेला सिनेमासुद्धा घरच्यांनी बघणं वेगळं आणि चारचौघांना जमवून दाखवणं वेगळं. त्याला मालकाची परवानगी लागते.

मग करायचं काय? पटवर्धनांनी काय केलं होतं? स्वतःची चित्रं स्वतः रंगवली होती! आम्हीही तेच ठरवलं. छोटूच्या आजींचं माहेर मांजरीचंच. त्यांच्या पेटीत जुने फोटो होते. भाचीनं ते दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश न लावता, एकेक करून मोबाइलवर टिपले. दोघांनी मध्ये चित्रं काढली, कुठे शाळा, कुठे मोट, कुठे नदी. निवेदन आजींचं.

त्या संध्याकाळी भाची यंत्रापाशी बसली. सिनेमा बघायला नाही, दिव्यापाशी बसायला. तिच्या शेजारी छोटू. त्याला आम्ही मोठं पद दिलं होतं: लक्ष्मणरेषेचा पहारेकरी! गळ्यात शिट्टी. कुणाचं पाऊल रेघेकडे वळलं की "फुर्रर्र!" मागच्या वर्षी भिंगाला डोळा लावणारा हाच पठ्ठ्या यंदा मोठमोठ्या काकांना दटावत होता.

पडद्यावर एक फोटो आला. डोळ्यांवर ऊन आलंय म्हणून कपाळाला आडवा हात धरलेली परकर-पोलक्यातली मुलगी. मागे दूरपर्यंत ऊस. आजी क्षणभर बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ही मी. आणि आत्ता तुम्ही बसलाय ना, तेच हे शेत." सगळी गच्ची चिडीचूप. मुलं कठड्यापलीकडच्या दिव्यांकडे बघायला लागली, जणू त्यांना तिथे ऊस दिसणार होता.

आणि नेमकी तेव्हाच वीज गेली! मागच्या वर्षी अशा वेळी पळापळ झाली असती. यंदा भाचीनं शांतपणे खिशातली विजेरी लावून जमिनीवर धरली. "कुणी उठू नका," म्हणाली. प्लगचा खटका बंद केला, म्हणजे वीज परतताना झटका बसायला नको. आजींनी अंधारातच गोष्ट पुढे चालू ठेवली. दहा मिनिटांनी वीज आली, थोडं थांबून भाचीनं यंत्र सुरू केलं आणि खेळ पूर्ण झाला. दहाच्या आत, बरं का! रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे. आणि शेजारच्या इमारतीत कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतंच.

जाताना आजी माझ्याकडे न बघता भाचीला म्हणाल्या, "छान बसलीस गं दिव्यापाशी." मी आपला वायर गुंडाळत होतो. पण ऐकून मला काय वाटलं, ते तुम्हाला कळलंच असेल.

आई-बाबांसाठी चार ओळी: प्रोजेक्टर घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. प्रकाश लुमेनमध्ये मोजतात, पण नुसतं 'लुमेन' लिहून वाटेल तो आकडा छापलेला आढळतो. 'आन्सी लुमेन' किंवा 'आयएसओ लुमेन' किती, ते विचारा. वर्गात उजेडात शिकवायला साधारण तीन हजार लागतात. घरी अंधारात दोन-तीनशेही चालून जातात. चार्जरवर बीआयएसचं चिन्ह बघा. आणि मुलांच्या हाती यंत्र जरूर द्या, फक्त पहिल्या दोन-तीन खेळांना स्वतः शेजारी बसा.

आता तुमच्यासाठी कोडं! एका प्रोजेक्टरचं चित्र दीड मीटर अंतरावर सव्वा मीटर रुंद येतं. तोच प्रोजेक्टर तीन मीटरवर ठेवला, तर चित्र किती रुंद होईल? आणि त्याचा झगझगीतपणा आधीच्या किती पट उरेल? पोळी आठवा, म्हणजे उत्तर सापडेल. उत्तर पुढच्या अंकात.

आणि हो, घरातल्या आजी-आजोबांच्या पेटीत कुठले फोटो आहेत, ते या रविवारी विचारून बघा. प्रोजेक्टर नसला तरी चालेल!